ट्रॅक्टरला बांधलेले गंडे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोळ्यांच्या डब्यांना दोरा बांधणं. मोठं काही नाही. संध्याकाळी केमिस्टकडून महिन्याच्या गोळ्या आणल्या होत्या. ही खाटेवर बसली, रिळाचा पांढरा दोरा काढला, एक टोक माझ्या बोटात दिलं आणि म्हणाली, "ताणून धरा." सकाळच्या डबीला एक गाठ, रात्रीच्या डबीला दोन. गाठ मारायची आणि उरलेला दोरा दाताने तोडायची.

"उद्या मिरच्या आणूक मी जातंय," ती म्हणाली. "तुमी नको. मागच्या टायमाक लाल आणलात नि म्हणालात, बघ कशा हिरव्यागार गावल्या."

"तिखट होत्या ना?"

"तिखट होत्या ता खरा." हसली. डब्या फळीवर ठेवल्या. भाकरी खाल्ली, निजलो.

सकाळी ती उठली नाही.

या दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं ते हिच्याबद्दल नव्हे. तुम्ही जुने मोटार-वायरमन, धंद्यातल्या गमतीजमती लिहा, आणि तो ट्रॅक्टर तर लिहाच, असं म्हणाले. डिलाईल रोडला आमच्या बाजूला तो ट्रॅक्टर सगळ्यांना माहीत आहे. गणपतीत अजून कोणीतरी तो विषय काढतोच, आमच्या मिस्त्रीने काळोखात नुसत्या हाताने वायर ओळखली म्हणून. त्यावर शाल-नारळही मिळाला मला. पण लोकांना तो किस्सा अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा आमच्या खोलीत होता. मी चौथी शिकलेला माणूस. नटवून लिहिता येत नाही. जसं झालं तसं लिहितो.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोटार असो, लॉरी असो की शेतातला ट्रॅक्टर, आतली वीज एकाच चालीने फिरते. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. डायनामो म्हणजे टाकी भरणारा पंप, तो इंजिनावर फिरतो. टाकीतून दिव्याला, हॉर्नला, इंजिनाच्या ठिणगीला वेगवेगळे नळ जातात. ते नळ म्हणजे वायर. सगळ्या वायर एका जुडग्यात बांधून डॅशबोर्डच्या मागे कोंबलेल्या असतात. आता हा नळ कुठला नि तो कुठला हे कळावं म्हणून बनवणाऱ्याने प्रत्येकीला रंग दिलेला. विलायती गाडीत तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट वायर, सगळ्यांची आई. तिला हात लावताना देव आठवायचा. लाल मागच्या दिव्याची. हिरवी हॉर्न-बिर्नची. पांढरी ठिणगीची, निळी मोठ्या दिव्याची, पिवळी डायनामोची, काळी बॉडीची. शिकायला एक दिवस पुरतो.

मला उभा जन्म पुरला नाही. कारण मला लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही एकच दिसतात. मातकट, शेणासारखे. पिवळा दिसतो, निळा दिसतो, हे तीन नाहीत. डोळ्यांना दुसरं काही झालेलं नाही. या वयातही सुईत दोरा ओवतो. जन्मतःच असं आहे, आणि गावात असेपर्यंत ते मला माहीतही नव्हतं. झाडाचं पान हिरवं असतं हे लोक म्हणतात म्हणून मीही म्हणायचो.

मुंबईला आलो, लग्न झालं आणि रेल्वेच्या सरकारी नोकरीसाठी रांगेत उभा राहिलो. शेवटी डोळे तपासायचे होते. डॉक्टरने पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. म्हणाला, "आकडा वाच." माझ्या पुढच्यांनी फटाफट वाचले होते. मला आकडाच दिसेना. मी म्हणालो, "साहेब, इथे तर सांडलेली डाळ आहे." रांगेतले सगळे फिसकन हसले. डॉक्टर म्हणाला, "अरे, तुला लाल-हिरवं कळत नाही. तू सिग्नल काय बघणार?" बाहेर आलो तर एकाने गळ्यातला रुमाल माझ्यासमोर नाचवला. "सांग रे, कुठला रंग?" मी सांगितला. चुकला. पुन्हा हसले. नव्या सदऱ्यावर मी तिथून दादरपर्यंत चालत आलो, कोणाकडे न बघता. घरी सांगितलं, जागा भरली होती.

मग लालबागला एका गॅरेजात लागलो. मालकाला सगळे उस्ताद म्हणायचे. रत्नागिरीकडचा मुसलमान माणूस, हाताचा सोन्यासारखा, तोंडाचा फाटका. तिथे कोणी डोळे तपासले नाहीत. आधी बॅटऱ्यांत पाणी भरायचं काम होतं. अधिक आणि उणे, रंगाचा संबंध नाही, मी सुखी. पण वायरिंगवाला माणूस सोडून गेला आणि उस्ताद म्हणाला, "कल से तू वायरिंगवर." त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पुन्हा कोणी रुमाल नाचवेल याची भीती.

माझ्याकडे एक टेस्टलॅम्प होता. टेस्टलॅम्प म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायर, बस. एक टोक इथे, एक टोक तिथे, बल्ब पेटला तर ही वायर तीच. दुसऱ्या माणसाने जे बघून जोडलं असतं ते मी एकेक करून पेटवून बघायचो. जोडणी चुकायची नाही, पण वेळ लागायचा. उस्ताद ओरडायचा, "क्या रे ढिल्या, वायर जोडतोस की पोर जन्माला घालतोस?" ढिल्या हेच नाव पडलं.

हिला कळलं ते लुगड्यामुळे. पहिल्या खेपेचं डोहाळजेवण होतं. हिची आई गावी, माझी वारलेली, म्हणून हिरवं लुगडं आणायला मीच परळच्या दुकानात गेलो. हिरवं कुठलं, असं विचारायची लाज वाटली. पोत बघितला, काठ बघितले आणि बोट दाखवलं, "ते हिरवं द्या." दुकानदार म्हणाला, "हे?" मी म्हटलं, "हो, हेच." त्याने बांधून दिलं. समारंभाला शेजारच्या रेवतीवहिनी सगळं करायला आल्या. हिच्याच वयाच्या, हिच्याच आगेमागे लग्न होऊन आलेल्या, तोंडाला फटकळ. घडी मोडली आणि ओरडल्या, "अगं बाई, भावोजींनी हिरवं म्हणून विटकरी उचलून आणलं!"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी दारात उभा. तेव्हा ही आतून म्हणाली, "मीच सांगितलंय तसा. रोज हिरवाच काय नेसायचा?" आणि ते विटकरी लुगडं नेसून पाटावर बसली.

संध्याकाळी बायका गेल्यावर तिने ओटीतलं विड्याचं पान माझ्यासमोर धरलं. "ह्या पान खयच्या रंगाचा?"

"हिरवं."

"पान म्हणून सांगताय. दिसता कसा?" मग कपाळावर बोट ठेवलं. "नि ह्या?"

मग मी खरं काय ते सांगितलं. नोकरी का नाही मिळाली तेही सांगितलं. ती रडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "वायरी घरी घेऊन येवा."

लग्नाआधी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तुटलेला धागा चालत्या रिळावर गाठ मारून जोडायचा, हेच दिवसभर. तिच्या गाठीवरून बोट फिरवलं तर साबुदाण्याच्या दाण्याएवढी लागायची, आणि ओढली तरी सुटायची नाही. मी गॅरेजातून वायरींचा जुडगा पिशवीतून घरी न्यायला लागलो. सांगायचो, घरी सोलून आणतो. ही दाराला कडी लावून बसायची आणि प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना पांढरा दोरा बांधायची. तपकिरीला एक गाठ, लालला दोन, हिरवीला तीन. बाकीच्या मला दिसायच्याच.

"माका रंग दिसतत, तुमका गाठी कळतत," ती म्हणाली. "झाला तर."

महिन्याभरात मी ढिल्याचा मिस्त्री झालो. उस्ताद गिऱ्हाइकांना सांगायचा, "इसके पास छोडो. आंख बंद करके वायर जोडता है." त्याला कुठे माहीत होतं की ते शब्दशः खरं आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक पारशी बावाजी होते, गाडीच्या डायनामोला कान लावून बसायचे आणि सांगायचे, "आज त्याचा मूड नाय." त्यांचं निदान बरोबर निघायचं. वरळी कोळीवाड्यातली एक म्हातारी होती, तिची मासळीची लॉरी. बर्फाचं खारं पाणी गळून बॅटरीची टोकं दर पावसाळ्यात सडायची. उस्तादाशी भांडण झाल्याशिवाय ती गाडी न्यायची नाही. जाताना माझ्या हातात ओले बोंबील द्यायची, "मालकाला देऊ नको रे, तुझ्या बायकोला दे. चांगली दोरा बांधते." ती एकटीच तो दोरा बघून काही बोलली. जाळी विणणाऱ्या घरातली बाई, तिला खुणेची गाठ, आणि तीही बाईच्या हातची, कळली असणार. तिने पुढे काही विचारलं नाही.

आता ट्रॅक्टर.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आमच्या बाजूला घरटी एक माणूस मोर्चाला. गोळीबार होऊन गेलेला, लोक पेटलेले. आणि एक दिवस कळलं की राज्य मिळालं, मुंबईसकट मिळालं. प्रत्येक चाळीला वाटत होतं, मिरवणुकीत आपला रथ उठून दिसला पाहिजे. आमच्या कमिटीचे पुढारी सावंत. गिरणीत युनियनचे, आवाज खणखणीत, माणूस चोख. चाळीत अंगारा-धुपारा करणारा एक बुवा यायचा, त्याला त्यांनीच जिन्यावरून खाली घातला होता. त्यांनी घोडपदेवच्या एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर मिळवला. मूळचा शेतातला, कुठल्यातरी मळ्यावर झिजून लिलावात निघालेला, इथे कापसाच्या गासड्या ओढायचा. त्याच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीवर फळ्यांचा महाराष्ट्राचा नकाशा, नकाशाभोवती बल्ब, आणि चाळीतल्या पोरी नऊवारीत.

पोलिसांनी सांगितलं, रात्री रस्त्यावर आणायचा तर पुढे दिवा आणि मागे लाल दिवा पाहिजे. ट्रॅक्टरला यातलं काही नव्हतं. उंदरांनी सगळ्या वायर खाऊन टाकल्या होत्या, उरल्या त्या हाताला लागताच भुगा व्हायच्या. ठेकेदार हँडल मारून चालू करायचा आणि दिवसाच फिरवायचा. सावंत माझ्याकडे आले. "मिस्त्री, आपल्या चाळीची अब्रू आहे."

मी जाऊन बघितला. जुनं विलायती यंत्र. पेट्रोलवर सुरू व्हायचं, मग घासलेटवर चालायचं. त्याची एक तऱ्हा होती. आपण बॅटरीचं उणे टोक बॉडीला जोडतो, त्याचं अधिक टोक बॉडीला. हे न बघता हात घातला तर डायनामो उलटा फिरवल्यासारखं होतं, बॅटरी भरतच नाही. एवढं मला कळत होतं. काम मोठं नव्हतं. सगळं जुनं उपटून टाकायचं आणि नवं घालायचं. अडचण वेगळीच होती. नव्या वायर त्या यंत्रावरच मापून कापाव्या लागणार होत्या. घरी नेऊन दाराला कडी लावून चालणार नव्हतं. आणि काम मैदानात, चाळीसमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

हिला सांगितलं. म्हणाली, "जेवणाचो डबो घेऊन येतंय. थयच बसान."

दुपारी आली. पोरगी काखेला, हातात डबा, कनवटीला रीळ. ट्रॉलीच्या चाकाच्या सावलीत बसली. मी वायर मापायचो, कापायचो, तिच्या बाजूला टाकायचो. ती टोकं जुळवून दोरा बांधायची आणि परत टाकायची. कोणाचं लक्ष नव्हतं. पलीकडे बायका पताका चिकटवत होत्या. मी ट्रॅक्टरच्या पोटाखाली शिरलो आणि मला रेवतीवहिनींचा आवाज आला.

"काय गं, हे काय बांधत्येस वायरला?"

मी तसाच आडवा पडून राहिलो. तिथून मला हिचे फक्त हात दिसत होते. ते थांबले. मी काही बोलतो का याची वाट बघत होते, हे मला तेव्हाही कळलं. मैदानात अर्धी चाळ जमलेली. सावंत तिथेच. मला तो रुमाल आठवला.

मी बोललो नाही.

"गावच्या देवाचो दोरो," ही म्हणाली. "मिरवणूक सुखरूप जावंदे म्हणून."

"अगो बाई, गंडे!" वहिनी जोराने हसल्या. "अहो सावंत, बघा, मिस्त्रीणबाई ट्रॅक्टरला गंडे बांधतायत!"

सावंत आले. वाकून मला म्हणाले, "काय मिस्त्री, आपण बुवाला चाळीतून काढला आणि तुमच्या घरात हे? विजेला गंडा? उद्या डायनामोला कोंबडं कापाल."

सगळे हसले. मी पोटाखालून बाहेर आलो, हात पुसले, आणि मीही हसलो. म्हणालो, "बायकांचं असतंच हो काहीतरी. बांधू द्या."

ती मान खाली घालून गाठी मारत राहिली. लाल, दोन. हिरवी, तीन. एकही चुकली नाही.

मिरवणूक निघाली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. गुलाल, लेझीम, माणूस माणसावर पडत होता. ट्रॅक्टरचे दिवे लागले, मागचा लाल लागला (लाल होता असं सगळे म्हणाले), नकाशाभोवतीचे बल्ब लागले आणि लोकांनी आरोळी ठोकली. मी ड्रायव्हरच्या बाजूला मडगार्डवर बसलो होतो. लालबागच्या जवळ आलो आणि डॅशबोर्डच्या मागून धूर आला. मागे ट्रॉलीवर चाळीतल्या पोरी. ट्रॅक्टरच्या पोटात घासलेटची टाकी.

मी उडी मारून बॅटरीची वायर उपटली. सगळं विझलं. लोक गॅसबत्त्या घेऊन धावले, मी ओरडलो, "बत्त्या लांब ठेवा! टाकी आहे!" सावंतांनी टॉर्च मारला आणि म्हणाले, "मेलो. सगळ्या वायर काळ्या झाल्यात. काय ओळखणार?" खरंच होतं. काजळीने सगळे रंग गेले होते. त्या रात्री सगळी चाळ माझ्यासारखी झाली होती.

मी हात आत घातला. एक गाठ. ही आई. तिच्यावर बोट फिरवत गेलो तर तिच्या स्क्रूला कोणीतरी हौशी माणसाने जास्तीच्या माळेची उघडी वायर पिळून ठेवली होती आणि ती पत्र्याला टेकली होती. ती तोडून फेकली. दोन टोकं स्विचमधून निसटली होती. बोटाने बघितली. दोन गाठी, ही मागचा दिवा. तीन गाठी, ही हॉर्नची. जागा मला पाठ होत्या. जोडल्या, बॅटरी लावली. हँडल मारलं. दिवे लागले.

मग जे झालं ते लोक अजून सांगतात. मला खांद्यावर घेतला. सावंत ओरडत होते, "काळोखात! नुसत्या हाताने! हा आपल्या चाळीचा मिस्त्री!" आणि गर्दीतून रेवतीवहिनींचा आवाज आला, "अहो, मिस्त्रीणबाईंचा गंडा पावला!"

पुन्हा सगळे हसले. मी खांद्यावरून बघितलं, ही पोरीला घेऊन फुटपाथवर उभी होती. मी हात वर करून ओरडलो, "हो हो! हिच्याच गंड्याने!"

खरं बोललो, आणि तेही थट्टेत. लोक आणखी हसले. तीही हसली, पदर तोंडावर घेऊन. ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

हिला त्या दिवसापासून गंडेवाली नाव पडलं. नळावर गंडेवाली, भाजीवाल्याकडे गंडेवाली. सावंतांच्या सभेत अंधश्रद्धेचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना हिच्याकडे. तेवढं तिने हसण्यावारी नेलं. पण एका वर्षी रेवतीवहिनींचा मुलगा तापाने फणफणला. बाई घाबरलेली, थट्टाबिट्टा सगळं विसरून हिच्या पायाशी आली. "तुझा तो गंडा बांध गं. ट्रॅक्टरला बांधलास, माझ्या पोराला बांध."

ही म्हणाली, "माका येणा नाय वहिनी. खरंच येणा नाय. चला, इस्पितळात नेऊया." आणि पोराला स्वतः उचलून नेलं. पोर वाचलं. पण वहिनींच्या मनात राहिलं ते राहिलंच. लोखंडाला बांधते आणि माझ्या लेकराला नाही म्हणते. दोन खोल्यांमध्ये एक भिंत, पण कित्येक वर्षं हिला त्या घरचं हळदीकुंकू नव्हतं.

त्या वेळी ती मला एकदा म्हणाली, "एकदा सांगा ना तेंका. वहिनीक तरी."

मी म्हणालो, "उस्तादापर्यंत गेलं तर काम जाईल. जरा थांब."

उस्ताद वारला. गॅरेज बंद झालं. मी दुसऱ्या जागी लागलो, तिथूनही रिटायर झालो. आता कोणी काढून टाकणार नव्हतं. तरी सांगितलं नाही. तिनेही पुन्हा म्हटलं नाही. संसारात मग गाठी सगळीकडे आल्या. माझ्या मोज्यांना, छत्रीला, शेवटी गोळ्यांच्या डब्यांना. वहिनींचं हळूहळू बोलणं सुरू झालं, म्हाताऱ्या झाल्या दोघी, जिन्यात एकमेकींचा हात धरायच्या. पण गंडेवाली हे नाव गेलं नाही. नव्या सुनांनाही तेच सांगितलेलं.

त्या सकाळी पहिल्या धावत आल्या त्या वहिनीच. त्यांनीच हिचे डोळे मिटले. मुलगी नाशकाहून निघाली होती, पोचायला दुपार होणार. बायका जमल्या, गॅलरी भरली. पाणी तापलं. वहिनी दारात आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "भावोजी, सवाष्ण गेली हो. भाग्याची. हिरवं लुगडं काढून द्या."

मी ट्रंक उघडली. वरची रोजची पातळं बाजूला केली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली दोन लुगडी होती. एक मी आणलेलं, दुकानात बोट दाखवून. दुसरं मुलीच्या लग्नात हिच्या भावाने आणलेलं हिरवं. दोन्ही वर्षानुवर्षं घडीत राहून सारखीच मऊ झालेली. काठ हाताला सारखेच. मी दोन्हींचे पदर चाचपले, चारही कोपरे बघितले. गाठ नव्हती. माझ्या सगळ्या वस्तूंना तिने गाठी मारल्या. स्वतःच्या लुगड्याला कशाला मारेल?

तिथे बसून माझ्या मनात जे आलं ते लिहितो. म्हटलं, एक उचलून द्यावं. निघालं तर हिरवं. नाही निघालं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं दुःखाने भान हरपलंय. कोणाला काही कळणार नाही. माझा हात एकावर गेलाही होता. मग आठवलं की मागच्या वेळी विटकरी निघालं तेव्हा आतून ती बोलली होती. आता ती आतच होती, आणि बोलणार नव्हती.

मी दोन्ही लुगडी घेऊन गॅलरीत आलो. चाळीतले सगळे उभे. सावंतांचा नातू, खालचे दुकानवाले, सगळे.

"वहिनी," मी म्हणालो, "यातलं हिरवं कुठलं ते सांगा. मला दिसत नाही."

"चष्मा आणू का भावोजी?"

"चष्म्याने दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. लाल नाही, हिरवा नाही. ती ट्रॅक्टरला गंडे बांधत नव्हती. मला वायर कळावी म्हणून गाठी मारत होती. तुम्ही हसलात, आणि मीही हसलो. तुमच्या पोराला तिने गंडा बांधला नाही कारण तिला तो येतच नव्हता."

नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला. वहिनी पुढे आल्या आणि एका लुगड्यावर हात ठेवला.

"हे, भावोजी. हे हिरवं."

मी खाली बसलो. फळीवरून हिचं रीळ मागून घेतलं. त्या लुगड्याच्या पदराला दोरा बांधला आणि गाठी मारल्या. एक, दोन, तीन. मग ते वहिनींच्या हातात दिलं.